‘म्हणाला’ आणि ‘म्हटले’ : अनियमित रूपांच्या यादीची चिकित्सा

१

मराठीच्या शालेय व्याकरणात भूतकाळाचे विवेचन संपत आले की शेवटी एक यादी येते. करणे–केला, जाणे–गेला, येणे–आला, होणे–झाला, घेणे–घेतला, खाणे–खाल्ला, सांगणे–सांगितला अशी रूपे तीत ओळीने मांडलेली असतात आणि तिच्या माथ्यावर ‘अनियमित रूपे’ ही संज्ञा असते. विद्यार्थी ती यादी पाठ करतो, शिक्षक ती तपासतो, आणि या रूपांविषयी जाणण्याजोगे जे काही होते ते जाणून झाले असा दोघांचाही समज होतो. वस्तुतः ‘अनियमित’ या शब्दाने रूपाविषयी काहीच सांगितलेले नसते; व्याकरणकाराचा शोध कोठे थांबला एवढेच त्यातून कळते. यादी ही शोधाची पहिली पायरी होऊ शकते. तीच शेवटची मानली गेली, की भाषेतील व्यवस्था दृष्टीआड होते आणि व्यवस्थेचा एखादा भाग बोलीतून समोर आलाच, तर तो अशुद्ध ठरतो.

या यादीत ‘म्हणणे’ या धातूचे स्थान विशेष अडचणीचे आहे. यादीतील बहुतेक धातूंना एकेक अनियमित रूप आहे. ‘म्हण’ला दोन आहेत. ‘तो म्हणाला’ आणि ‘त्याने म्हटले’ ही दोन्ही वाक्ये प्रमाण मराठीची होत. ‘तो म्हटला’ हे शिष्ट लेखनात सदोष मानतात, आणि ‘त्याने म्हणाले’ असे तर कोणी म्हणतच नाही. एका धातूला एकाच काळाची दोन रूपे का असावीत, आणि असलीच तर ती एकमेकांच्या जागी का चालू नयेत, हा प्रश्न यादीच्या पोटात दडून राहतो.

कोल्हापूर परिसरात या प्रश्नाला आणखी एक अंग आहे. तेथील बोलीत ‘त्यो म्हणला’, ‘मी म्हणलो’ असे तिसरेच रूप रूढ आहे. उत्तरपत्रिकेत ते उतरले की त्याखाली तांबडी रेघ येते. पण ते रूप चूक का, आणि प्रमाण म्हणून सांगितलेली दोन रूपे बरोबर का, याचे उत्तर त्या रेघेत नसते. रेघ ओढणाऱ्याने तरी यादीपलीकडे जावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. ‘म्हणाला’ आणि ‘म्हटले’ यांत अनियमितपणा नसून दोन स्वतंत्र नियमांचे पालन आहे, आणि ‘म्हणला’ हे तिसरे रूप त्या नियमांची मोडतोड न करता त्यांची फेरमांडणी करते, असा प्रस्तुत लेखाचा पक्ष आहे.

२

प्रथम परंपरेकडे पाहिले पाहिजे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले. इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठीची मांडणी करण्याचा तो मोठा प्रयत्न होता. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्या निबंधांनी त्या मांडणीला चिकित्सेची जोड दिली, आणि १९११ साली मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त पूर्वसूरींच्या मतांची विस्तृत छाननी झाली. प्रयोगविचार हा या सर्व परंपरेचा जिव्हाळ्याचा विषय राहिला आहे. अरविंद मंगरूळकर यांनी ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ (१९६४) या ग्रंथात आणि कृष्ण श्रीनिवास अर्जुनवाडकर यांनी ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’ (१९८७) या ग्रंथात संस्कृत आणि इंग्रजी व्याकरणांतून उचललेल्या चौकटी मराठीला कोठे जाचतात, याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

ही चिकित्सा शालेय पुस्तकांपर्यंत फारशी झिरपलेली नाही. तेथे आजही दोन याद्या वेगवेगळ्या प्रकरणांत नांदतात. पहिली, वर सांगितलेली अनियमित रूपांची. दुसरी प्रयोगाच्या प्रकरणात येते: भूतकाळात अकर्मक धातूचा प्रयोग कर्तरी आणि सकर्मक धातूचा कर्मणी किंवा भावे होतो, असा सामान्य नियम सांगून झाल्यावर शिकणे, विसरणे, समजणे, पिणे, बोलणे, म्हणणे हे काही धातू सकर्मक असूनही कर्तरी प्रयोग घेतात, असा अपवाद नोंदविला जातो. ‘मी धडा शिकलो’, ‘ती निरोप विसरली’ ही त्याची उदाहरणे.

‘म्हणणे’ हा धातू दोन्ही याद्यांत आहे, आणि दोषाचे मूळ येथेच सापडते. रूपविचाराच्या प्रकरणात तो रूपाचा अपवाद, आणि प्रयोगविचाराच्या प्रकरणात प्रयोगाचा. एकच धातू दोन ठिकाणी अपवाद ठरत असेल, तर त्या दोन अपवादांचा परस्परांशी काही संबंध असावा अशी शंका येणे स्वाभाविक होते. ती आली नाही, कारण रूप आणि प्रयोग यांची प्रकरणे निराळी होती. पुस्तकाच्या रचनेने भाषेच्या रचनेवर पडदा टाकला, असेच येथे म्हणावे लागते.

३

दोन याद्या एकत्र वाचल्या म्हणजे काय हाती लागते, हे पाहण्यास जर्मन भाषेतील एक क्रियापद उपयोगी पडेल. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला, तेव्हापासून जर्मनच्या अभ्यासाकडे राज्यात नव्याने लक्ष गेले आहे. त्या भाषेचा विद्यार्थी आरंभीच्या वर्गांतच ‘हेंगन’ हे क्रियापद शिकतो. त्याचा अर्थ लटकणे असाही आहे आणि टांगणे असाही आहे. मराठीत ज्यासाठी दोन धातू लागतात ते काम तेथे एक धातू करतो. मात्र भूतकाळात त्याची दोन रूपे होतात: ‘हिंग’ आणि ‘हेंग्टे’. ‘दास बिल्ट हिंग आन डेर वांट’ म्हणजे चित्र भिंतीवर लटकत होते. ‘एर हेंग्टे दास बिल्ट आन दी वांट’ म्हणजे त्याने चित्र भिंतीवर टांगले. पहिले वाक्य अकर्मक, दुसरे सकर्मक. शिक्षक विद्यार्थ्याला हा भेद एका वाक्यात सांगतो आणि विद्यार्थ्याला तो पटतो.

‘हिंग’मध्ये धातूचा स्वर पालटला आहे, तर ‘हेंग्टे’मध्ये धातू तसाच राहून त्याला ‘टे’ हा प्रत्यय लागला आहे. याकोब ग्रिम याने आपल्या जर्मन व्याकरणात (पहिला खंड, १८१९) पहिल्या प्रकाराला बलवान आणि दुसऱ्याला दुर्बल क्रियापद अशी नावे दिली. ती आजही रूढ आहेत. पण त्यांतील कौल फसवा आहे. नव्याने भाषेत येणारे प्रत्येक क्रियापद दुर्बल वर्गातच जाते, आणि बलवान वर्गातील कित्येक क्रियापदे हळूहळू दुर्बल झाली आहेत. भाजणे या अर्थाच्या ‘बाकन’चे ‘बूक’ हे जुने भूतकाळी रूप आता जुनाट वाटते. बोलण्यात ‘बाक्टे’ हेच चालते.

‘हेंगन’चा पूर्वेतिहास याहून बोधप्रद आहे. आजचे एक क्रियापद जुन्या उच्च जर्मनमधील एकाहून अधिक क्रियापदांच्या मिश्रणातून तयार झाले. त्या काळी स्वर पालटणारे ‘हाहन’ हे क्रियापद सकर्मक होते, म्हणजे टांगणे या अर्थाचे. आणि लटकणे या अर्थाचे ‘हांगेन’ हे अकर्मक क्रियापद दुर्बल वर्गातले होते. आज नेमके उलट आहे: स्वर पालटणारे रूप अकर्मक आणि ‘टे’चे रूप सकर्मक. म्हणजे आजची वाटणी पूर्वजांकडून जशीच्या तशी आलेली नाही. दोन-तीन क्रियापदांची रूपे एकत्र येऊन पडली होती. भाषकांनी त्यांना नव्याने कामे वाटून दिली. घाबरणे आणि घाबरविणे या दोन्ही अर्थांच्या ‘एरश्रेकन’चीही अशीच वाटणी दिसते: स्वतः घाबरला तर ‘एरश्राक’, दुसऱ्याला घाबरविले तर ‘एरश्रेक्टे’.

यातून निघणारा धडा असा. एका धातूची दोन भूतकाळी रूपे दिसली तर ‘कोणते शुद्ध?’ हा पहिला प्रश्न नव्हे. ‘त्या दोघांत कामाची वाटणी काय?’ हा पहिला प्रश्न होय.

४

हाच प्रश्न ‘म्हण’ धातूला विचारावा.

‘म्हणाला’ या रूपात धातू आणि ‘ला’ यांच्यामध्ये ‘आ’ आहे. असा ‘आ’ घेणारे मराठीतील इतर धातू पाहिले तर उडाला, बुडाला, पळाला, निघाला, मिळाला अशी रूपे समोर येतात. हे सर्व अकर्मक धातू होत. प्याला, ल्याला, भ्याला, व्याली या रूपांतही शेवट तोच आहे. यांपैकी पिणे आणि लेणे हे धातू अर्थाने सकर्मक आहेत. तरी ‘तो पाणी प्याला’, ‘ती दागिने ल्याली’ अशीच वाक्ये होतात. या वर्गातील रूप प्रमाण मराठीत सहसा कर्त्याला ‘ने’ लावू देत नाही, असे दिसते. उलट विधान मात्र खरे नाही: बसला, बोलला, शिकला ही रूपे ‘आ’ न घेताही कर्तरी आहेत. तेव्हा नियम एका दिशेने सांगावयाचा तो असा: जेथे ‘आला’, तेथे कर्तरी.

आता ‘म्हटले’. या रूपाचा जुना अवतार ‘म्हणितले’ हा जुन्या मराठीत आढळतो. ‘णि’मधील स्वर गळला, ‘ण’ आणि ‘त’ शेजारी आले, मूर्धन्य ‘ण’च्या संगतीने ‘त’चा ‘ट’ झाला आणि पुढे ‘ण’ही लोपला. आजही अनेकांच्या उच्चारात आणि लेखनात ‘म्हंटले’ असे सानुनासिक रूप येते. शुद्धलेखनाच्या दृष्टीने ते सदोष मानतात. पण त्यातील अनुस्वार निराधार नाही, तो त्या लुप्त ‘ण’चा अवशेष आहे. ‘म्हणितले’ हे मूळ रूप लक्षात घेतले की त्याचे सोबती लगेच ओळखू येतात: सांगितले, मागितले, बघितले, आणि थोड्या वेगळ्या वाटेने आलेले घेतले, घातले, धुतले. येथे ‘ल’च्या आधी ‘त’ आहे आणि तो धातूचा नाही. हे सर्व धातू सकर्मक आहेत आणि सर्वांच्या कर्त्याला तृतीय पुरुषात ‘ने’ लागतो.

म्हणजे ‘म्हणाला’ हे रूप उडाला–पळाला यांच्या पंक्तीतले आणि ‘म्हटले’ हे सांगितले–मागितले यांच्या पंक्तीतले. पहिले आपल्या पंक्तीप्रमाणे कर्तरी चालते, दुसरे आपल्या पंक्तीप्रमाणे कर्मणी किंवा भावे. दोहोंत अपवाद कोठेच नाही. अपवाद भासला तो एवढ्यासाठी, की दोन्ही रूपे एका धातूच्या नावावर लिहिली गेली आणि त्यांच्या पंक्ती पाहिल्या गेल्या नाहीत.

ही वाटणी केवळ बाह्य नाही. वापरातही ती स्पष्ट उमटते. वृत्तपत्रातील भाषा पाहावी. सभेतील भाषणाची बातमी ‘ते म्हणाले’ अशी येते, तर पत्रकाची बातमी ‘पत्रकात म्हटले आहे’ अशी येते. ‘अहवालात म्हटले आहे’ या वाक्यात कर्ता मुळीच नाही, आणि तरी वाक्य पूर्ण आहे. ‘अहवालात म्हणाले आहे’ असे मात्र होऊ शकत नाही. ‘म्हणाला’ला बोलणारा माणूस समोर लागतो, ‘म्हटले’ला म्हटलेली गोष्ट पुरते. पोवाडा म्हटला, आरती म्हटली, पाढे म्हटले, या वाक्यांत क्रियापद म्हणणाऱ्याकडे न पाहता म्हटलेल्या वस्तूचे लिंग-वचन घेते. ‘म्हटलेले गाणे’ असे विशेषण होते; ‘म्हणालेले गाणे’ होत नाही. जर्मनमध्येही ‘टांगलेले चित्र’ म्हणावयाचे तर ‘गेहेंग्ट’ या सकर्मक रूपाचेच विशेषण करावे लागते, ‘गेहांगन’ या अकर्मक रूपाचे नव्हे.

‘ती गाणे म्हणाली’ असेही वाक्य आढळते, हा आक्षेप येथे संभवतो. आक्षेप खरा आहे, पण तो नियमाला बाधक नाही. त्या वाक्यातही क्रियापद गाण्याचे नपुंसकलिंग न घेता गाणारीचे स्त्रीलिंग घेते. कर्म असले तरी ‘आला’ वर्गाचे रूप त्याच्याकडे पाहत नाही, हेच त्यातून सिद्ध होते. रूपाची निवड बोलणाऱ्याच्या हाती आहे. निवड झाल्यावर प्रयोग मात्र रूपच ठरविते.

‘म्हण’ हा एकटाच धातू असता तर हा योगायोग मानता आला असता. पण ‘पी’ धातूची साक्षही तीच आहे. ‘तो दूध प्याला’ आणि ‘त्याने दूध प्यायले’ ही दोन्ही वाक्ये मराठीत रूढ आहेत. ‘प्यालेला’ असे म्हटले की पिणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, दूध नव्हे. रूप आणि प्रयोग यांची सांगड येथेही तशीच आहे. दोन धातूंनी दिलेली समान साक्ष यादीत बसत नाही. ती नियमात बसते.

या व्यवस्थेचे मूळ दूरचे आहे. मराठीचा भूतकाळ हा जन्माने भूतकाळच नव्हे. तो कृदन्त आहे. संस्कृतात ‘स गतः’ आणि ‘तेन कृतम्’ असा जो भेद होता, तोच ‘तो गेला’ आणि ‘त्याने केले’ यांत टिकून राहिला. विशेषणाची क्रिया झाली, पण विशेष्य कोणते हे विशेषण विसरले नाही. ‘हिंग’ आणि ‘हेंग्टे’ यांची गोष्ट या बाबतीत निराळी आहे: ती पुरुषवाचक प्रत्यय घेणारी आख्याते आहेत, आणि कर्ता कोणताही असो, क्रियापद कर्त्याशीच जुळते. म्हणून जर्मन भाषेला सकर्मक-अकर्मक भेद धातूच्या रूपात दाखवावा लागला. मराठीला तो कर्त्याच्या विभक्तीत आणि क्रियापदाच्या अन्वयातही दाखविता येतो. हा फरक पुढील विवेचनास महत्त्वाचा आहे.

५

कोल्हापुरी बोलीतील ‘म्हणला’ हे रूप आता या पार्श्वभूमीवर पाहता येईल. धातूला सरळ ‘ला’ लावून ते सिद्ध झाले आहे: बस–बसला, म्हण–म्हणला. ‘पिला’ हे रूपही असेच. ‘बूक’ जाऊन ‘बाक्टे’ आले, त्याच जातीची ही घटना होय. भाषाशास्त्रात तिला सादृश्यमूलक बदल म्हणतात. ज्या प्रक्रियेला जर्मन भाषेच्या इतिहासात शास्त्रीय नाव मिळते, तीच कोल्हापुरात घडली तर तिला गावंढळपणा म्हणावयाचे, ही शास्त्राची भाषा नव्हे.

‘म्हणला’ने प्रमाण भाषेतील भेद पुसून टाकला, अशी तक्रार येथे होऊ शकेल. ती तपासून पाहावी. बोलीत ‘त्यो म्हणला’ आहे आणि ‘त्यानं गाणं म्हणलं’ हेही आहे. ‘त्यो दूध पिला’ आहे आणि ‘त्यानं दूध पिलं’ हेही आहे. धातूचे अंग एकच झाले, हे खरे. पण कर्त्याचा ‘नं’ आणि क्रियापदाचा अन्वय यांत भेद शाबूत आहे. प्रथम पुरुषात तर ही गोष्ट अधिक उठून दिसते. ‘मी’ला मराठीत ‘ने’ लागतच नाही, त्यामुळे तेथे कर्त्यावरून काही कळत नाही. तरी ‘मी म्हणलो’ आणि ‘मी म्हणलं’ ही दोन रूपे शेवटच्या प्रत्ययाने वेगळी राहतात. प्रमाण भाषा जो भेद दोनदा दाखविते, एकदा अंगात आणि एकदा अन्वयात, तो बोली एकदाच दाखविते. यात गेले ते द्विरुक्त होते.

‘हेंगन’चीही अशीच अवस्था जर्मनीच्या दक्षिणेत दिसते, आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य त्याच भागात आहे. दक्षिणेकडील बोलण्यात साधा भूतकाळ फार मागे पडला असून त्याची जागा कृदन्त आणि साहाय्यक क्रियापद यांच्या जोडीने घेतली आहे. कोल्हापुरातून ‘हिंग’ पाठ करून गेलेल्या विद्यार्थ्याच्या कानी तेथे ते रूप क्वचितच पडेल. पण भेद नाहीसा झालेला नाही. लटकण्याच्या अर्थी तेथे ‘इस्ट गेहांगन’ असे ‘असणे’ या अर्थाचे साहाय्यक येते, आणि टांगण्याच्या अर्थी ‘हाट गेहेंग्ट’ असे ‘जवळ असणे’ या अर्थाचे. उत्तरेकडील प्रमाण वापरात दोन्हीकडे ‘हाट’च असते. म्हणजे दक्षिणेने एक साधन टाकले आणि दुसरे धारदार केले. व्यवहाराला लागणारा भेद भाषा सहजासहजी सोडत नाही. एका जागी पुसला तर दुसऱ्या जागी तो उमटतो.

बोली केवळ सोपेपणाकडे धावते, हा समजही येथे तपासण्यासारखा आहे. कोल्हापूर-सांगलीकडे, किंबहुना पश्चिम महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी, ‘कळले’ऐवजी ‘कळाले’ हे रूप ऐकू येते. नियमाप्रमाणे ‘कळले’ हेच सोपे. तेथे ‘आ’ मुद्दाम घातला आहे. तो ‘मिळाले’, ‘निघाले’ यांच्या सादृश्याने आला, हे उघड आहे. जर्मनमध्ये विचारणे या अर्थाच्या ‘फ्रागन’चे ‘फ्राग्टे’ हे सरळ रूप असताना ‘ट्रागन–ट्रूग’ या जोडीच्या सादृश्याने ‘फ्रूग’ असे रूप निघाले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ते चांगल्या लेखकांच्या लेखनातही आले आणि पुढे मागे पडले. सादृश्य एकाच दिशेने वाहते असे नाही.

मग ‘म्हणाला’मधून ‘आ’ जातो आणि ‘कळले’मध्ये ‘आ’ येतो, यात काही सूत्र आहे काय? ते दिसते. ‘आला’ वर्गात उडणे, बुडणे, पळणे, निघणे, मिळणे असे निखळ अकर्मक धातू बहुसंख्य आहेत. म्हणणे आणि पिणे हे त्यांतले उपरे होत, कारण त्यांना कर्म असू शकते. बोलीने हे दोन उपरे वर्गाबाहेर काढले, आणि कर्ता ज्यात काही करीतच नाही असा ‘कळणे’ हा धातू आत घेतला. ‘आला’ म्हणजे अकर्मक, हे समीकरण प्रमाण भाषेपेक्षा बोलीत अधिक नेमके होत चालले आहे. ‘हिंग’ अकर्मकाकडे आणि ‘हेंग्टे’ सकर्मकाकडे वळविताना जर्मन भाषकांनी जी वाटणी केली, तिच्याच तोडीची ही वाटणी आहे. ती कोणी सभा भरवून ठरविलेली नाही. पण ती आंधळीही नाही.

६

या विवेचनाला एक मर्यादा घातली पाहिजे. कोल्हापुरी बोली ही एकसंध वस्तू नव्हे. कन्नड सीमेलगतच्या मराठीत ‘मी काम केलो’, ‘मी चहा पिलो’ अशी वाक्ये ऐकू येतात. तेथे सकर्मक धातूही कर्त्याशी जुळतो आणि ‘मी म्हणलो’–‘मी म्हणलं’ हा शेवटचा भेदही धोक्यात येतो. कन्नडमध्ये ‘नानु माडिदे’ म्हणजे ‘मी केले’; तेथील क्रियापद भूतकाळातही कर्त्याशीच जुळते. दोन भाषा रोज बोलणाऱ्यांच्या तोंडी मराठी कृदन्ताचे आख्यात होऊ लागले आहे, असे या रूपांचे वर्णन करता येईल. हा बदल ‘म्हणला’हून निराळा आहे. ‘म्हणला’ने अंग बदलले आणि प्रयोग राखला, ‘केलो’ने अंग राखले आणि प्रयोग बदलला. तांबडी रेघ मात्र दोहोंखाली सारखीच ओढली जाते. दोन वेगळ्या घटनांना एकच शिक्षा देणारा परीक्षक त्यांपैकी एकही समजावून देऊ शकत नाही.

प्रमाण रूपे शिकवू नयेत, असा याचा अर्थ नाही. परीक्षेत, पत्रव्यवहारात, ग्रंथलेखनात ‘म्हणाला’ आणि ‘म्हटले’ यांचीच अपेक्षा आहे, आणि ती पुरी करता येणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. पण बोलीला छापील पानावर स्थान नाही, हा जुना युक्तिवाद आता टिकत नाही. कागल परिसरातील आनंद यादव यांची ‘गोतावळा’ ही कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली आणि तिचे सारे निवेदन बोलीत आहे. जी भाषा मराठी विभागांत साहित्य म्हणून अभ्यासली जाते, ती शेजारच्या वर्गात व्याकरणाचा दोष म्हणून खोडली जावी, ही विसंगती दूर करण्याची जबाबदारी अभ्यासकांवरच येते.

त्यासाठी दोन गोष्टी करण्यासारख्या आहेत. पहिली अध्यापनाची: भूतकाळी रूपांची यादी अंगाच्या घडणीनुसार लावावी. ‘आला’ वर्ग, ‘तला’ वर्ग, सरळ ‘ला’ वर्ग असे गट पाडून प्रत्येक गटासमोर त्याचा प्रयोग लिहिला, तर रूप आणि प्रयोग यांची दोन प्रकरणे एक होतात, आणि ‘तो म्हटला’ का खटकते हे विद्यार्थ्याला रेघेवाचून कळते. दुसरी संशोधनाची: कागल, शिरोळ, गडहिंग्लज, चंदगड, राधानगरी, शाहूवाडी अशा तालुक्यांतून या दहा-बारा धातूंची भूतकाळी रूपे पुरुषवार, लिंगवार आणि वयवार टिपावीत. पळाला, निघाला यांचा ‘आ’ कोठे टिकला आहे आणि कोठे ढिला झाला आहे, ‘कळाले’ कोणाच्या तोंडी आहे, ‘केलो’ची सीमा कोणत्या गावापर्यंत येते, हे अशा नोंदींतूनच निश्चित होईल, आणि वर मांडलेले सूत्रही त्यांच्यावरच घासून पाहावे लागेल. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या लघुप्रबंधाला हा विषय आटोपशीर आहे. त्याला लागणारी साधनसामग्री तो घरूनच घेऊन येतो. आजवर ती खोडून टाकावयाची असते एवढेच त्याला शिकविले गेले आहे.